चिपळूणची बदली

महाड ते पोलादपूर या रस्त्यावर एका खासगी मालकाची मोटार चालायची. तिच्यावर मी चार वर्षं कंडक्टर होतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, दीड तासाच्या चढणीवर. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. घरी राहून पगार मिळवणारा, खाकी कोट घालणारा मी एकटाच. त्यामुळे वाडीत मला मान होता, आणि तो मान माझ्यापेक्षा बाबांना जास्त आवडायचा.

बाजाराच्या दिवशी बाबा पोलादपुरात उतरले की मोटारीच्या थांब्याशी येऊन उभे राहायचे. मी दारात लोंबकळत महाडचे उतारू गोळा करत असायचो. ते माझ्याशी बोलायचे नाहीत, कामात व्यत्यय नको म्हणून. नुसते बघायचे. शेजारी कोणी ओळखीचा असला तर त्याला सांगायचे की हा माझा मुलगा, फायनल पास झालेला आहे, म्हणून ही नोकरी लागली.

मी फायनल पास झालेलो नव्हतो. सातवीची ती परीक्षा मी महाडला जाऊन दिली आणि गणितात नापास झालो. निकाल बघायला मी एकटाच गेलो होतो, वाडीत तो कळवणाराही मीच. चढण चढताना खरं सांगायचं असं ठरवलं होतं. पण अंगणात बाबा भाताची उडवी रचत होते, त्यांनी हातातलं काम थांबवून विचारलं, "झालास?" आणि मी म्हटलं, "झालो." संध्याकाळी त्यांनी देवळात नारळ फोडला आणि वाडीभर खोबरं वाटलं. मग ते मागे घ्यायला जागाच उरली नाही. मोटारीच्या मालकाने मला कधी दाखला विचारला नाही. त्याला नीट तिकिटं फाडणारा आणि उतारूंशी न भांडणारा माणूस हवा होता, तेवढा मी होतो.

पन्नास सालानंतर तीनचार वर्षांत आमच्या रस्त्यावर सरकारी गाड्या आल्या. मालकाने मोटार विकून टाकली. आमचा ड्रायव्हर बिरवाडीचा होता, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. त्याला लायसनवर लगेच सरकारी गाडीवर घेतलं. कंडक्टरांना महाडला भेटायला बोलावलं होतं. टेबलामागचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी अनुभव विचारला, माझं अक्षर बघितलं, आणि म्हणाले की तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीच आहेत, फक्त फायनलचा दाखला आणून द्या. मी म्हटलं, घरी आहे, उद्या आणतो. बाहेर येऊन नदीच्या काठी बसलो. पाणी गढूळ होतं, गणपती नुकतेच झाले होते. खूप वेळ मी काहीच विचार केला नाही. उठलो तेव्हा मात्र दुसरं खोटं तोंडात तयार होतं.

घरी सांगितलं, मला घेतलं, पण बदली चिपळूणला.

बाबांना बदली हा शब्दच इतका आवडला की तो त्यांनी त्या दिवशी दहा जणांना ऐकवला. बदली सरकारी माणसाची होते. बायकोला चौथा महिना होता. माझी ट्रंक भरताना तिने खाकी कोट धुऊन घडी करून वर ठेवला.

खरं तर मला मुंबईला जाता आलं असतं. आमच्या वाडीची तिथे एक खोली होती, वीसपंचवीस माणसं त्यात राहत, आणि नव्याने आलेल्याला कोणी ना कोणी कुठे तरी चिकटवून देत असे. पण त्या खोलीत गेलो असतो तर आठवड्याच्या आत वाडीला कळलं असतं. ज्या एका दाराने मला काम मिळालं असतं, ते मी माझ्याच तोंडाने बंद करून घेतलं होतं.

म्हणून खरोखरच चिपळूणला गेलो. दुकानांत विचारलं, लाकडाच्या वखारीत विचारलं, बंदरावर विचारलं. सगळीकडे तिथलीच माणसं रांगेत होती. पंधरा दिवसांनी पायी परत निघालो. खेडच्या बाजारात एक मुकादम भेटला. पावसाने कशेडी घाट जागोजागी खचला होता, तो दुरुस्त करायला त्याला माणसं हवी होती. त्याने माझे हात उलटसुलट करून बघितले आणि ये म्हणाला.

घाटात झापांच्या खोपट्या बांधून टोळी राहत होती. बहुतेक लोक घाटमाथ्यापलीकडचे, त्यांची बोलीही वेगळी. या भागातला मी एकटाच, आणि ते मला बरंच वाटलं. खडी फोडायची, घमेल्याने वाहायची, डांबर तापवून ओतायचं. शेतात राबण्याची आम्हाला कधी लाज नव्हती. बाबा स्वतः गुडघाभर चिखलात उभे राहायचे. पण ते आपल्या शेतात. मुकादमाच्या शिव्या ऐकत रस्त्यावर घमेलं वाहणं आमच्या घरात कोणी केलं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे हवा स्वच्छ असली की खोपटीसमोरून आमच्या वाडीचा डोंगर दिसायचा. घर सोडून मी लांब आलोय असं घरच्यांना वाटत होतं, आणि मी त्यांच्या समोरच्या डोंगरात होतो.

दिवसातून दोनतीनदा सरकारी गाडी जायची. तिचा आवाज आला की मी पाठ करून खाली वाकायचो. पहिल्याच आठवड्यात ती एकदा माझ्याजवळ थांबली. गाडीवर आमचाच जुना ड्रायव्हर होता. त्याने मला ओळखलं, खाली उतरला, माझ्याकडे आणि घमेल्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं आणि वर एक काम सांगितलं. मी घरी पत्र लिहीन, ते त्याने चिपळूणला पेटीत टाकावं. पत्रावर शिक्का चिपळूणचा हवा होता. वाडीत पत्र वाचून दाखवणारा माणूस शिक्काही वाचायचा.

"घरी सांगून टाक," तो म्हणाला. "काम करतोस, चोरी नाही करत."

दोन दिवसांनी गाडी पुन्हा थांबली तेव्हा मी लिहिलेलं पत्र पुढे केलं. त्याने पत्र घेतलं. पुढेही घेत राहिला, पण घेताना माझ्याकडे बघत नसे. त्या पत्रांत मी काय काय लिहिलं ते आज आठवलं तरी मान खाली जाते. साहेब खूश आहेत, राहायला जागा मिळाली आहे, रजा मिळत नाही. हात डांबराचे म्हणून कागदाखाली फडकं धरून लिहायचो.

माघ महिन्यातली गोष्ट. एका वळणावर अर्धा रस्ता खणलेला होता. अशा वेळी एकाने लाल निशाण घेऊन उभं राहायचं आणि गाड्या थोपवायच्या. त्या दिवशी मुकादमाने निशाण माझ्या हातात दिलं. डांबराचा धूर नाकात जाऊ नये म्हणून मी तोंडाला पंचा गुंडाळला होता. दहाच्या सुमाराला खालून गाडी आली. मी निशाण आडवं धरलं, गाडी थांबली, आणि पुढून तिसऱ्या खिडकीत बाबा बसलेले दिसले.

त्यांच्या डोक्याला धुतलेलं पागोटं होतं, मांडीवर गाठोडं. शेजारी आमच्या वाडीतले एक काका होते, त्यांची लेक चिपळूणला दिलेली. बाबा बाहेर बघत होते. आमच्यात फार तर पाच पावलांचं अंतर असेल. समोरचा खडीचा ढीग बाजूला होईपर्यंत गाडीला थांबावं लागणार होतं. मी पाठ फिरवली. निशाण धरलेला हात तसाच आडवा ठेवला आणि दरीकडे बघत उभा राहिलो. पाठीमागे गाडीचं इंजिन धडधडत होतं. काका कोणाला तरी हसून काही सांगत होते, त्यांचा आवाज मला ओळखू येत होता. बाबांचा आवाज आला नाही.

किती वेळ तसा होतो कोण जाणे. मुकादम ओरडला तेव्हा मी निशाण खाली केलं आणि गाडी माझ्या अंगाला घासून गेली.

ते कुठे चालले होते हे मला सांगायला कोणी नको होतं. आमच्या घरचं चिपळूणला कोणीच नव्हतं. ते मला भेटायला चालले होते, आणि मी मागे राहिलो होतो.

घाटात गाडी फार हळू चढते. वर देवळाशी ती इंजिनात पाणी घालायला थांबायची, आणि आमच्या वळणावरून तिथे सरळ वर जाणारी पायवाट होती. मी धावलो असतो तर नक्की गाठली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गाडी वर थांबल्याचा, मग पुन्हा सुरू झाल्याचा आवाजही मी ऐकला. मी जागचा हललो नाही. माझ्या मनात त्या वेळी बाबांचा विचारही नव्हता. काका बघतील, एवढंच होतं. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण त्या पाणी भरायच्या पाचदहा मिनिटांएवढी लाज मला कशाचीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत येणार म्हणून मी मुकादमाला सांगून खाली खाणीत काम मागून घेतलं. तिथून रस्ता दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

"मुलगी झाली तुला," तो म्हणाला. "वडील सांगायला आले होते."

मी विचारलं, त्यांना काय सांगितलंत. तो म्हणाला, परवाच्या त्या गाडीवर तोच होता; उतरल्यावर ते सरकारी गाड्यांच्या ऑफिसकडे जायला निघाले होते. त्याने त्यांना वाटेत गाठलं आणि सांगितलं की मुलगा ड्युटीवर रत्नागिरीकडे गेलाय, दोन दिवस येणार नाही. ते बरं म्हणाले. आणखी काही विचारलं नाही. गाठोडं देऊन म्हणाले, त्याला द्या. मग काकांच्या लेकीकडे चला म्हणून काका मागे लागले होते, तिकडेही गेले नाहीत.

"माझ्याकडून पुन्हा हे करवून घेऊ नकोस," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडीत चढला. त्यानंतर त्याने माझं एकही पत्र घेतलं नाही.

गाठोड्यात नाचणीच्या भाकऱ्या होत्या, वाळून कडक झालेल्या. कुळथाचं पीठ होतं, आणि बाळंतिणीसाठी केलेल्या सुंठीच्या लाडवांतले दोन लाडू, वेगळ्या फडक्यात बांधलेले. मला मुलगी झाली होती. मी खोपटीत बसून ते दोन्ही लाडू खाल्ले. भूक लागली होती म्हणून खाल्ले. चव आजही आठवते, आणि ती आठवावी याचंही वाईट वाटतं.

शिमग्याला घरी गेलो. वाटेत ओढ्यावर हात वाळूने घासले, ट्रंकेतला खाकी कोट अंगात घातला. बायकोला माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं होतं. मुलगी महिन्याची होती. आईने ती माझ्या हातात दिली तेव्हा माझी बोटं तिच्या गालाला लागू नयेत म्हणून मी मुठी मिटून तिला धरली. अंगणात वाडीतली माणसं जमली होती. कोणी तरी म्हणालं, बापाला पोरीची खबर एवढ्या उशिरा. बाबा लगेच म्हणाले की उशिरा कशाला, मी चिपळूणला जाऊन याला भेटून सांगून आलो, लाडू खाऊ घातले. काकाही तिथेच होते. त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल की संध्याकाळी भेट झाली असणार.

मी बाबांकडे बघितलं. ते चिलीम भरत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं राब भाजायला गेलो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथे वाळलेला पाला, शेण, गवत पसरून उन्हाळ्यात जाळतात. वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावून आम्ही हातात ओल्या डहाळ्या घेऊन उभे होतो, आग बांधापलीकडे जाऊ नये म्हणून. जवळपास कोणी नव्हतं. बाबा आगीकडे बघतच म्हणाले, "घाटात निशाण घेऊन उभा व्हतास, तो तूच ना?"

मी डहाळीने समोरचं पेटलेलं गवत झोडपलं.

"मी तुला बघितला," ते म्हणाले. "तू उभा कसा ऱ्हातोस ते मला ठाऊक नाय काय?"

मी म्हटलं, "मग हाक का नाय मारलीत?" चूक माझी, आणि मी त्यांनाच जाब विचारत होतो.

"तू तोंड फिरवलंस. मंग मी हाक कशी मारू रे? बाजूला तो बसला व्हता."

म्हणजे सकाळी दहालाच त्यांना सगळं कळलं होतं. मुलगा चिपळूणला नाही, हे कळून ते चिपळूणपर्यंत गेले. काका शेजारी होते म्हणून मध्ये उतरता आलं नाही. तिथे ऑफिसकडे चालत गेले ते काका मागून बघत होते म्हणून. ड्रायव्हरचं खोटं ऐकून बरं म्हणाले. माझं खोटं त्यांनी एक दिवस आणि एक रात्र अंगावर वागवलं, आणि मग ते वाडीत आणून स्वतःच्या तोंडाने पुरं केलं. आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आग खाली बसू लागली. ते म्हणाले की रस्त्याच्या कामाला मी नाव ठेवत नाही, पण सरकारी गाडीवर तुला का घेतला नाही, एवढं सांग. तेव्हा मी फायनलचं सांगितलं. मला वाटलं होतं की एवढं कळलं तर हेही त्यांना कळलं असेल. तसं नव्हतं. ते डहाळी हातात धरून तसेच राहिले. आगीची एक जीभ बांधाकडे गेली, ती मीच धावून विझवली.

"ते नव्हतं ठाऊक," ते म्हणाले. "इतकी वर्सं मी लोकांना सांगत व्हतो."

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाया पडलो असतो, रडलो असतो, काही तरी झालं असतं. ते राखेवर पाय ठेवून विस्तव कुठे राहिला आहे का बघत फिरत राहिले आणि मी त्यांच्या मागून फिरलो.

त्याच दिवशी दुपारी बायकोला सांगितलं. ती मुलीला पाजत होती. म्हणाली, "मला वास आला व्हता. कोट ट्रंकेत ठेवलात तरी डांबराचा वास जात नाय." मग विचारलं की तिकडे खोपटीत बायका राहतात का. मी म्हटलं, राहतात. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर ती माझ्याबरोबर घाटात आली. वाडीला मी वेगळं काही सांगितलं नाही. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल घेऊन बायको चिपळूणच्या गाडीत न बसता घाटाकडे चालत निघाली, तेव्हा सगळ्यांना आपोआप समजलं. दोनचार जण हसले असतील. एकाने मला तोंडावर कंडक्टर म्हणून चिडवलं. पाऊस पडला, लावण्या सुरू झाल्या, आणि माझ्या नोकरीत कोणाला गोडी राहिली नाही. ज्या माणसांच्या भीतीने मी एवढं केलं, त्यांनी त्यावर एक उन्हाळासुद्धा घालवला नाही.

पुढे रस्त्याच्या टोळीत मी कायम झालो. पोलादपुरात खोली घेतली, तिथे आणखी दोन मुलं झाली. बाबा बाजाराला आले की आमच्याकडे जेवायचे, नातीला खांद्यावर घेऊन फिरायचे. माझ्याशी शेताचं, गुरांचं, पावसाचं बोलायचे. पण माझ्याबद्दल ते कोणाला काही सांगायचे थांबले. कोणी विचारलंच तर म्हणायचे, हाय पोलादपुरात. पूर्वी ते माझ्याविषयी बोलू लागले की मला संकोच व्हायचा. आता शेजारी बसून मी वाट बघायचो की ते आणखी एखादं वाक्य बोलतील.

साठ सालाच्या पुढे, भातकापणीच्या दिवसांत, चार दिवसांच्या तापाने ते गेले. अंत्यविधीला तो जुना ड्रायव्हरही आला होता. परत जाताना तो म्हणाला की त्या दिवशी चिपळूणला तुझ्या वडिलांना मी माझ्या खोलीवर चला म्हटलं होतं, जेवायला थांबा म्हटलं होतं. ते नको म्हणाले, इथे माझी माणसं हायत म्हणाले.

तिथे त्यांचं कोणी नव्हतं. काकांच्या लेकीकडे ते गेले नव्हते. गाठोडं तर त्यांनी देऊन टाकलं होतं, तेव्हा बरोबर खायलाही काही नसणार. ती माघातली थंडी होती. ती रात्र त्यांनी कुठे काढली आणि काय खाल्लं, हे त्यांना विचारायला मला पुढे आठनऊ वर्षं मिळाली होती. कित्येकदा ते माझ्या समोर जेवायला बसले होते आणि मी त्यांना वाढत होतो. मी विचारलं नाही.